पादबधिरता, मधुमेहजन्य

दीर्घकाळ वाढलेल्या रक्तशर्करेमुळे पायांच्या तंत्रिकांना इजा होऊन स्पर्श, वेदना व तापमान यांची जाणीव कमी होणे वा नाहीशी होणे (पहा : मधुमेह, तंत्रिका तंत्र).

वाढलेली शर्करा तंत्रिकातंतूंना आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांना इजा करते. सर्वांत लांब तंतू आधी निकामी होतात. म्हणून बधिरता बोटांपासून सुरू होऊन पायमोजा चढवावा तशी वर सरकते. मुंग्या येतात, रात्री आग होते. पुढे चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालताना पाय भाजतो, तोही नकळत.

खरा धोका वेदना नसण्याचा आहे. दुर्लक्षित फोड चिघळून व्रण, कोथ आणि अखेर अंगच्छेदन अशी मजल जाते (पहा : कोथ).

वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या जखमांमागे वेदनालोप असल्याचे दाखवले. हेच ज्ञान पुढे अमेरिकेत मधुमेही पायांच्या उपचारांत उपयोगी पडले (पहा : कुष्ठरोग).

निदानासाठी १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवतात. १२८ हर्ट्झच्या नादकाट्याने कंपनाची जाणीव तपासतात. गेलेली संवेदना सहसा परतत नाही. त्यामुळे शर्करानियंत्रण, मऊ तळाची पादत्राणे, रोज तळवे पाहणे आणि वर्षातून एकदा पायांची तपासणी आवश्यक ठरते.