बंदुकीच्या नळीवरचे नाव

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातील भाजीमंडईचा गलबला मागे टाकून आतल्या गल्लीत वळले, म्हणजे एका जुन्या घराच्या माजघरात, देवघरालगतच्या भिंतीवर दोन खुंट्यांच्या आधारे आडवी ठेवलेली तोड्याची एक लांब बंदूक दृष्टीस पडते. आणि त्या घराशी आमचा तीन पिढ्यांचा घरोबा असल्यामुळे, दर खंडेनवमीस तिच्यावर हळदकुंकू वाहिले जाताना व झेंडूची माळ तिच्या नळीस गुंडाळली जाताना मी लहानपणापासून पाहत आलो आहे. १७९५ सालच्या खर्ड्याच्या लढाईत ती मूळपुरुषाच्या खांद्यावर होती, अशी हकीकत त्या घरात परंपरेने सांगतात. ती कोणी वागविली, कोणाच्या पथकात वागविली, हे सर्वांना मुखोद्गत आहे. गेल्या खंडेनवमीस मात्र घरातील शाळकरी नातवाने विचारले, "आजोबा, ही बनवली कुणी?" आणि आजोबांपाशी उत्तर नव्हते.

त्या प्रश्नाखातर बंदूक खाली उतरविली. अशा वेळी पहिले काम एकच: नळीच्या तोंडातून गज आत सोडून तो किती खोल जातो हे पाहावे, आणि तेच अंतर बाहेरून रंजकाच्या छिद्रापर्यंत ताडून पाहावे, गज आखूड पडला तर आत बार ठासलेलाच आहे असे समजून हात आवरावा, कारण काळी दारू कोरडी राहिली असेल तर कित्येक पिढ्यांनंतरही पेट घेते. गज पूर्ण गेला. मग मऊ फडक्यावर थोडे तेल घेऊन, रंजकाच्या पेल्यामागे साचलेले हळदकुंकवाचे पुट हळूहळू उकलू लागलो. पिवळा थर, त्याखाली तांबडा, पुन्हा पिवळा. किती खंडेनवम्या तेथे एकावर एक बसल्या होत्या, कोण जाणे! तळाशी लोखंड लागले, त्यावर पाण्याच्या लहरींसारखी तिरपी वळणे दिसली, आणि त्या वळणांवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले तीन अंक व एक झिजलेली लहानशी मोहर. नाव नव्हते.

मुलगा खट्टू झाला. परंतु ती वळणे आणि ते अंक हेच त्या नळीचे दफ्तर होय, आणि ते कसे वाचावे हे अबुल फजलने चार शतकांपूर्वी सांगून ठेविले आहे. 'आईन-इ-अकबरी'त बंदुकांचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. लोखंडाची पट्टी चपटी करून तिरपी गुंडाळावयाची, वेटोळ्यांच्या कडा कडेशी न भिडविता एकावर एक चढवावयाच्या, आणि मग तापवून त्या सांधावयाच्या, ही कृती त्यात वर्णिली आहे. पूर्वीच्या नळ्यांत चौथाईपेक्षा अधिक दारू भरणे धोक्याचे असे, पण या नव्या नळ्या तोंडापर्यंत भरल्या तरी फुटत नाहीत, असेही तो अभिमानाने नमूद करतो. त्याहून महत्त्वाचे पुढे आहे. प्रत्येक बंदुकीवर कच्च्या लोखंडाचे वजन, तयार मालाचे वजन, लोखंड कोठून आणले ते ठिकाण, कारागिराचे नाव, घडविल्याची जागा, तारीख आणि क्रमांक नोंदविले जात. उस्ताद कबीर आणि हुसेन या दोन बंदूकगरांची नावेही त्याने लिहून ठेविली आहेत. अकबराने १५६८ साली चितोडच्या वेढ्यात ज्या बंदुकीने जयमल राठोडास टिपले, ती 'संग्राम' इतिहासाच्या प्रत्येक वाचकाच्या मुखी आहे. कबीर आणि हुसेन मात्र कोणाच्याही नाहीत.

माझ्या मते या नोंदीमागे कारागिराचा गौरव करण्याचा हेतू नव्हता. किती लोखंड दिले, किती परत आले, नळी फुटली तर जाब कोणास विचारावयाचा, हा हिशेबी कारखान्याचा व्यवहार होता. आपल्याकडील शस्त्रांवरची अक्षरे बहुतांशी अशीच शिलेखान्याच्या कारकुनाची आहेत. याचे उदाहरण शोधावयास औरंगपुऱ्याच्या शेजारीच जावे. बिकानेरचे राजे करणसिंह मोगली चाकरीत येथे राहिले, १६६९ साली येथेच निवर्तले, आणि करणपुऱ्याच्या नावाने आजही शहरात नांदत आहेत. त्यांचे पुत्र अनूपसिंह यांनी अदोनीच्या मोहिमेत मिळालेली दख्खनी शस्त्रे बिकानेरच्या शिलेखान्यात धाडली, तेव्हा त्यांवर ठिपक्यांच्या देवनागरीत अदोनीचे नाव आणि १६८९ सालाशी जुळणारा संवत कोरण्यात आला. ही शस्त्रे घेतली कोणी हे त्यामुळे जगास कळले. घडविली कोणी हे नव्हे.

तोफेची गोष्ट निराळी. तोफ एकेकटी, गाजावाजाने ओतली जाई, आणि ओतणारा उस्ताद तिच्या अंगावर आपले नाव हक्काने ठेवी. विजापूरची मुलूखमैदान १५४९ साली अहमदनगरास मुहम्मद बिन हसन रूमी याने ओतली, हे तीच सांगते. आणि येथून जेमतेम चार कोसांवर दौलताबादच्या मेंढा तोफेवर औरंगजेबाच्या नावाबरोबर मुहम्मद हुसेन अरब हे कर्त्याचे नाव आहे. बंदूक मात्र अनेकांच्या हातची. नळी लोहाराची, दस्ता सुताराचा, नळी लाकडास जखडणारे चांदी-पितळेचे वेढे सोनार-कासाराचे. मग सही कोणी करावी? अमेरिकेत पेन्सिल्वेनियातील लँकेस्टर परगण्यात जर्मन वसाहतवाल्यांनी अठराव्या शतकात ज्या लांब रायफली घडविल्या, त्यांत एकाच दुकानात एका उस्तादाच्या देखरेखीखाली बंदूक पुरी होई, म्हणून जेकब डिकर्टसारख्याचे नाव अष्टकोनी नळीच्या माथ्यावर सापडते, आणि जेथे ते नसते तेथे दस्त्याच्या वाकावरून नि पितळी डबीच्या नक्षीवरून जाणकार कर्ता ओळखतात.

आपल्याकडे ज्या बंदुका बोलतात, त्या राज्याच्या शिस्तीमुळे बोलतात. टिपू सुलतानाच्या बंदुकांवर वाघाच्या पट्ट्यांची बुबरी, श्रीरंगपट्टणचे नाव आणि मौलूदी सन असतो. कंपनी सरकारच्या बंदुकीच्या चापावर चार भागांत विभागलेले हृदय आणि त्यात कंपनीची आद्याक्षरे. १८०८ नंतर उभा सिंह. महादजी शिंद्यांच्या कंपूसाठी आग्र्यास सँगस्टर नामक स्कॉट दहा रुपयांस एक याप्रमाणे विलायती तोडीची बंदूक करून देई, आणि हैदराबादेत निजामाच्या चाकरीतील फ्रेंच सरदार रेमाँ याचा तोफा ओतण्याचा कारखाना होता. पण या दोन्ही ठिकाणी चकमकीच्या बंदुकांचा जमाना सुरू झाला होता. औरंगपुऱ्यातील ती नळी तोड्याची, जुन्या वळणाची, गुंडाळून सांधलेली, कोणत्या तरी शिलेखान्यात क्रमांक पडलेली आहे. खर्ड्याच्या हकीकतीस यातून बाध येत नाही आणि पुरावाही मिळत नाही, हे मी त्या आजोबांस स्पष्ट सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकले.

ज्यांच्या घरी असे वडिलोपार्जित शस्त्र असेल त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. शिकलगाराकडे देऊन ते चकचकीत करवू नका. पितळी भांड्यासारखे चिंच-राखेने घासू नका. ठिपक्यांची अक्षरे केसभर खोल असतात आणि एका हातासरशी कायमची जातात. पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीने त्यांचा ठसा उमटवून घ्या, नळीची लांबी, तोंडाचा व्यास आणि वेढ्यांची संख्या लिहून ठेवा, आणि मोडी व फारसी जाणणाऱ्यास तो ठसा दाखवा. दुरुस्त करूनही जी उडू शकत नाही अशा पुराण्या बंदुकीस १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या ४५ व्या कलमान्वये मोकळीक आहे, पण ती तशी आहे की नाही हे आपण न ठरविता अधिकाऱ्यांकडून लेखी ठरवून घ्यावे. आणि येत्या खंडेनवमीस हळदकुंकू वाहावयाचे ते दस्त्याच्या लाकडावर वाहा, नळीच्या मागच्या टोकावर नको.