शहराचं मैलापाणी, गावाचं शिवार

व्हिक्टोरिया राणीचा एक किस्सा केंब्रिजमध्ये अजून सांगतात. राणी ट्रिनिटी कॉलेजला आली होती आणि पुलावर उभी राहून खाली कॅम नदीकडे बघत होती. पाण्यावर कागदाचे कपटे तरंगत चालले होते. हे कसले कागद, असं तिनं विचारलं. कॉलेजचे प्रमुख डॉ. ह्यूएल यांनी चेहऱ्यावरची रेष न हलवता उत्तर दिलं, की इथं आंघोळीला मनाई असल्याच्या त्या सूचना आहेत. चार्ल्स डार्विनची नात ग्वेन रॅव्हरा हिनं १९५२ साली आपल्या आठवणींच्या पुस्तकात हा किस्सा नोंदवला. कागद कसले होते, हे वाचणाऱ्याला सांगावं लागत नाही. शहराचं मैलापाणी तेव्हा सरळ नदीत जात होतं.

आता नदीच्या दिशेनं थोडं पुढं जाऊ. शहर मागं पडलं की काठावर फेन डिटन नावाचं गाव लागतं आणि त्यानंतर हॉर्निंग्सी. शहरानं पाण्यात जे सोडलं, ते आधी या गावांच्या दारावरून जायचं. ही दोन नावं लक्षात ठेवा. सव्वाशे वर्षांनी ती पुन्हा येणार आहेत.

१८९४ मध्ये शहरानं यावर उपाय केला. चेडर्स लेनवर नदीकाठी पंपिंग स्टेशन उभं राहिलं. लीड्सच्या हॅथॉर्न डेव्ही कंपनीची दोन वाफेची इंजिनं तिथं बसवली. वाफ तयार करायला शहरातला घरोघरचा कचरा जाळायचे. म्हणजे एका घाणीच्या जोरावर दुसरी घाण शहराबाहेर ढकलायची. इंजिनिअर म्हणून मला ही कल्पना आजही भारी वाटते. मैलापाणी तिथून मिल्टन गावाच्या बाजूला जायचं आणि मोकळ्या जमिनीत सोडलं जायचं. ही इंजिनं १९६८ पर्यंत कामात होती. आज त्या इमारतीत तंत्रज्ञानाचं संग्रहालय आहे.

त्या वेळी मिल्टनची जागा शहराच्या बाहेर होती. पण ‘बाहेर’ ही काही कायमची जागा नसते. पुढं तिथं रीतसर सांडपाणी प्रक्रिया केंद्र झालं आणि शहर हळूहळू त्याच्याकडे सरकत राहिलं. १९७० मध्ये ट्रिनिटी कॉलेजनं जवळच सायन्स पार्क सुरू केलं. २०१७ मध्ये केंब्रिज नॉर्थ रेल्वे स्टेशन झालं. माझ्यासारखे कितीतरी सॉफ्टवेअरवाले याच भागात नोकरी करतात. भारतातून आलेले तर ढिगानं. एकेकाळी कुणालाही नको असलेली जमीन आता स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आली होती. अडचण एकच, की मधोमध मैलापाण्याच्या टाक्या होत्या.

२०१९ मध्ये ब्रिटिश सरकारनं ही अडचण दूर करायला २२.७ कोटी पौंडांचा निधी जाहीर केला. केंद्र दुसरीकडे हलवायचं आणि मोकळ्या झालेल्या जागेवर व आसपास नवी वस्ती उभारायची. या सगळ्या पट्ट्यासाठी सुमारे ८,३५० घरांचा आराखडा होता. केंद्र चालवणाऱ्या अँग्लियन वॉटर कंपनीनं २०२० मध्ये तीन जागा लोकांसमोर ठेवल्या. २०२१ च्या सुरुवातीला त्यातली एक निवडली. ती होती हनी हिल, म्हणजे ‘मधाची टेकडी’. नदीपलीकडची, फेन डिटन आणि हॉर्निंग्सीच्या शिवारातली शेतजमीन. आणि ही जमीन हरितपट्ट्यात होती.

हरितपट्टा म्हणजे काय, ते इथं सांगायला हवं. नाहीतर गावकरी एवढे का चिडले, ते कळणार नाही. १९३० च्या दशकात लंडन आजूबाजूची खेडी गिळत सुटलं होतं. शहराभोवती मोकळ्या जमिनीचं कडं असावं, ही मागणी तेव्हा जोर धरू लागली. १९३८ मध्ये लंडनसाठी कायदा झाला. १९५५ मध्ये मंत्री डंकन सँडिस यांनी परिपत्रक काढून देशभरातल्या नगरपालिकांना असे पट्टे आखायला सांगितलं. परिपत्रकात हेतू स्पष्ट होते: शहराची सूज थांबवणं, शेजारची गावं एकमेकांत मिसळू न देणं आणि ऐतिहासिक शहरांचं रूप जपणं. केंब्रिज हे या शेवटच्या हेतूचं ठळक उदाहरण. गंमत म्हणजे हरितपट्टा ‘हिरवा’ असायलाच हवा, असं नियम म्हणत नाही. तो मोकळा असायला हवा. तिथं मोठं बांधकाम करायचं तर ‘अतिविशेष परिस्थिती’ दाखवावी लागते.

विरोध करणाऱ्यांनी ‘सेव्ह हनी हिल’ नावाची मोहीम उभी केली. अशा माणसांसाठी इंग्रजीत एक टोमणा तयार असतो: निंबी. विकास हवा, पण आमच्या परसात नको म्हणणारा. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं. मी इथं भाड्यानं राहते. माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, पगारातला केवढा वाटा घरभाड्यात जातो ते. स्वतःचं घर आणि मागं बाग असलेल्या लोकांनी नव्या घरांच्या आड यावं, याचा राग येणं साहजिक आहे.

पण त्यांचे मुद्दे वाचत गेलं की टोमणा पुरेनासा होतो. सपाट फेन प्रदेशात उंच टाक्या लांबून दिसणार, भोवती मातीचा गोल बांध घालून झाडं लावली तरीही. पिकाऊ जमीन जाणार. वापरातलं केंद्र पाडून तेच काम करणारं दुसरं बांधण्यात काँक्रीट आणि कार्बन खर्ची पडणार. आणि मुख्य प्रश्न हा, की चालू केंद्र हलवायचंच कशाला? ते मोडकळीला आलेलं नव्हतं. १८९४ साली मैलापाणी हलवलं, कारण नदी नासत होती. या वेळी ते हलवायचं होतं, कारण त्याच्या खालची जमीन महाग झाली होती.

त्यांनी आणखी एका गोष्टीवर बोट ठेवलं, ते मला एकदम ओळखीचं वाटलं. हरितपट्ट्यात बांधायची ‘अतिविशेष परिस्थिती’ कोणती? तर नवी घरं. मग घरांचा आराखडा मंजूर आहे का? नाही, केंद्र हलवायला परवानगी मिळेपर्यंत तो थांबवलेला. आमच्या धंद्यात याला सर्क्युलर डिपेंडन्सी म्हणतात. हे मॉड्यूल त्याच्या भरवशावर आणि ते याच्या. असा कोड कंपाइल होत नाही. सरकारी फाइल मात्र पुढं सरकते.

ती सरकलीही. प्रकल्प राष्ट्रीय महत्त्वाचा ठरल्यामुळं निर्णय नगरपालिकेकडे न राहता केंद्रातल्या मंत्र्यांकडे गेला. २०२३ मध्ये अर्ज दाखल झाला, त्यावर महिनोन्महिने तपासणी चालली. सुट्टीच्या दिवशी बसून हजारो पानांचे तांत्रिक अहवाल वाचणारे गावकरी कंपनीच्या वकिलांसमोर उभे राहिले. एप्रिल २०२५ मध्ये परवानगी मिळाली. कागदावर गावकरी हरले होते.

आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सगळं थांबलं. खर्च मूळ निधीच्या फार पुढं गेला होता. सरकारनं यापुढं पैसे न देण्याचं ठरवलं आणि स्थलांतर गुंडाळलं गेलं. हनी हिल ना हरितपट्ट्याच्या नियमानं वाचलं, ना मोहिमेच्या युक्तिवादानं. ते हिशेबाच्या वहीमुळं वाचलं.

तरीही मोहीम वाया गेली, असं मला वाटत नाही. प्रत्येक आक्षेपाला उत्तर देताना वेळ जातो. त्या वेळात आकडे वाढतात आणि सहज पटलेली योजना पुन्हा तपासावी लागते. बांधकाम आधीच सुरू झालं असतं, तर खर्च वाढला म्हणून कुणी थांबलं नसतं. तेव्हा ‘एवढे घातलेत, आणखी थोडे घाला’ असंच म्हटलं गेलं असतं.

पण आनंद अर्धाच आहे. जी घरं त्या जागेवर व्हायची होती, ती आता तिथं होणार नाहीत, आणि भाडं भरणारे आम्ही आहोत तिथंच आहोत. गावकरी आणि भाडेकरू एकमेकांचे शत्रू नव्हते. घरं हवी असतील तर शेत द्या, अशी अट दोघांपैकी कुणीच घातली नव्हती. ती योजनेतच लिहून आली होती.

शहरं वाढणार, मैलापाणीही वाढणार. ते कुठंतरी न्यावंच लागणार. पुढच्या वेळी एखाद्या गावानं ‘इथं नको’ म्हटलं, तर टोमणा मारण्याआधी एवढंच विचारून बघू: हे हलवायची गरज पाण्याला आहे, की जमिनीच्या भावाला?