विनोदी मालिकांचे अकाली समापन (मराठी दूरचित्रवाणी)

विनोदी मालिकेचे अकाली समापन म्हणजे चांगल्या अपेक्षेने सुरू झालेली आणि प्रेक्षकांच्या एका वर्गाने वाखाणलेली प्रसंगनिष्ठ विनोदी मालिका (सिटकॉम) पहिल्याच पर्वानंतर, किंवा कधी त्याहीपूर्वी, वाहिनीने बंद करणे होय. अशा समापनाचे कारण वाहिनी सहसा जाहीर करीत नाही. "मालिका प्रेक्षकांचा निरोप घेत आहे" एवढेच सांगितले जाते. यामागे प्रेक्षकमापनाची पद्धत, प्रसारणाची वेळ, निर्मितीचा खर्च, दैनंदिन लेखनाचा ताण आणि विनोदाला रुजण्यासाठी लागणारा अवधी अशी अनेक कारणे एकत्र असतात. मालिका लोकांना आवडली नाही, एवढा एकच अर्थ त्यातून काढता येत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यासारख्या विरळ वस्तीच्या प्रदेशातील जीवन आणि बोली यांवर आधारलेल्या मालिकांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक ठळकपणे जाणवतो.

स्वरूप

प्रसंगनिष्ठ विनोदी मालिकेत ठरावीक पात्रे व ठरावीक स्थळ असते. एखादे कुटुंब, चाळ, कार्यालय, उपाहारगृह किंवा गावातील पार यांच्याभोवती प्रत्येक भागात नवा पेच निर्माण होतो आणि बहुधा त्याच भागात तो सुटतो. येथे हसू शब्दांइतकेच पात्रांच्या स्वभावातून येते. अमुक प्रसंगी अमुक माणूस कसा वागेल हे प्रेक्षकाला ठाऊक झाले, की केवळ त्याच्या येण्यानेही हशा पिकतो. ही ओळख होण्यास काही आठवडे किंवा महिने लागतात. म्हणून या प्रकारातील मालिकेचे सुरुवातीचे भाग पुढील भागांच्या मानाने फिके वाटू शकतात.

कौटुंबिक किंवा रहस्यप्रधान मालिकेचे बळ याहून वेगळे असते. तिचा प्रत्येक भाग अपूर्ण ठेवला जातो आणि "पुढे काय होणार" या प्रश्नासाठी प्रेक्षक दुसऱ्या दिवशी परत येतो. विनोदी मालिकेचा भाग पाहून प्रेक्षक तृप्त होतो. एखादा भाग चुकला तरी त्याचे फारसे बिघडत नाही. कलाकृती म्हणून हा गुणच आहे, परंतु दररोजच्या मोजणीत तो मालिकेच्या विरोधात जातो.

पार्श्वभूमी

दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. या केंद्रावरील आरंभीच्या लोकप्रिय मराठी मालिकांमध्ये चिं. वि. जोशी यांच्या साहित्यावर आधारित 'चिमणराव गुंड्याभाऊ' ही विनोदी मालिका होती. तिच्यात दिलीप प्रभावळकर यांनी चिमणरावाची, तर बाळ कर्वे यांनी गुंड्याभाऊंची भूमिका केली. त्या काळी मालिका साप्ताहिक असत आणि पुढे तेरा भागांचा संच हे मंजुरीचे परिचित परिमाण झाले. भागांची संख्या आधीच ठरलेली असल्याने मालिका "बंद पडली" असे न म्हणता "संपली" असे म्हटले जाई.

१९९९ मध्ये अल्फा मराठी (पुढे झी मराठी) आणि २००० मध्ये ई टीव्ही मराठी (पुढे कलर्स मराठी) या खाजगी वाहिन्या सुरू झाल्या. अल्फा मराठीवरील 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही केदार शिंदे दिग्दर्शित मालिका प्रभावळकर यांच्या 'अनुदिनी' या लेखनावर आधारलेली होती आणि ती साप्ताहिक स्वरूपात काही वर्षे चालली. यानंतर आठवड्यातून पाच-सहा दिवस चालणारी मालिका हा मुख्य प्रकार झाला. भागसंख्या ठरलेली राहिली नाही; मालिका प्रेक्षक मिळवील तोवर चालू ठेवायची, अशी पद्धत रूढ झाली. त्यामुळे लांबलेली मालिका आणि तुटलेली मालिका ही दोन्ही टोके एकाच व्यवस्थेतून निर्माण होतात.

प्रेक्षकमापन

वाहिनीचे उत्पन्न प्रामुख्याने जाहिरातींवर अवलंबून असते आणि जाहिरातीचा दर प्रेक्षकसंख्येच्या अंदाजावर ठरतो. हा अंदाज सामान्यतः 'टीआरपी' या नावाने ओळखला जातो. निवडक घरांत मापनयंत्र बसवले जाते. घरातील प्रत्येक सदस्यासाठी रिमोटवर स्वतंत्र कळ असते आणि कोण, कोणती वाहिनी, किती वेळ पाहत आहे याची नोंद होते. उदाहरणार्थ, नमुन्यातील १,००० घरांपैकी ४० घरांनी एखादी मालिका अर्धाच वेळ पाहिली, तर सरासरीने ती २० घरांनी पूर्ण पाहिली असे धरून तिचे मान २ टक्के येते. किती जणांनी मालिका पाहिली आणि ते किती वेळ टिकले, या दोन्ही गोष्टी त्या एका आकड्यात मिसळलेल्या असतात. प्रेक्षक मनापासून हसला की दूरचित्रवाणी संच नुसता चालू होता, हे त्यातून समजत नाही.

पूर्वी हे काम टॅम ही संस्था करीत असे आणि तिचा भर एक लाखाहून अधिक लोकवस्तीच्या शहरांवर होता. सिंधुदुर्ग जिल्ह्यात असे एकही शहर नाही. २०११ च्या जनगणनेनुसार मालवण शहराची लोकसंख्या वीस हजारांच्या आत होती. २०१५ मध्ये बार्क या संस्थेने मापन सुरू केले आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपासून ग्रामीण प्रेक्षकांचे आकडेही प्रसिद्ध होऊ लागले. केंद्र शासनाच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नमुन्यात किमान २०,००० घरे असणे आणि दरवर्षी त्यात १०,००० ची भर घालून ती ५०,००० पर्यंत नेणे अपेक्षित होते.

मराठी वाहिन्यांसाठी महाराष्ट्र व गोवा हे एकत्रित क्षेत्र धरले जाते. सिंधुदुर्गाची २०११ मधील लोकसंख्या ८,४९,६५१ होती, तर महाराष्ट्राची ११,२३,७४,३३३. म्हणजे जिल्ह्याचा वाटा पाऊण टक्क्याच्या आसपास येतो. नमुना लोकसंख्येच्या प्रमाणात विभागला असे गृहीत धरल्यास राज्यातील दर हजार घरांमागे या जिल्ह्याच्या वाट्याला सात-आठ घरे येतील. वेंगुर्ल्यापासून देवगडापर्यंत प्रत्येक घरात एखादी मालिका पाहिली गेली, तरी एकूण आकड्यात तिने फारसा फरक पडणार नाही. मुंबईतील चाकरमानी कुटुंबे जमेस धरली तर मालवणी जाणणारा प्रेक्षक जिल्ह्याच्या लोकसंख्येपेक्षा बराच मोठा आहे. परंतु मापनात तो बोलीनुसार वेगळा दिसत नाही, मुंबईच्या आकड्यात मिसळून जातो.

प्रसारणाची वेळ

संध्याकाळी सात ते रात्री दहा हा काळ सर्वाधिक मोलाचा मानला जातो. दोन लोकप्रिय मालिकांच्या मध्ये स्थान मिळालेल्या नव्या मालिकेला आधीचा प्रेक्षक आयता मिळतो. विनोदी मालिकेला पुष्कळदा रात्री साडेदहाची किंवा सप्ताहाच्या अखेरची वेळ मिळते. वेळ बदलली की सवयीचा प्रेक्षक तुटतो. प्रेक्षक घटला की वेळ पुन्हा बदलली जाते. मुळात मालिकेला दिलेली वेळ ही वाहिनीच्या दृष्टीने एक जागा असते. तिच्यावर दुसरी मालिका अधिक उत्पन्न देईल असा अंदाज आला, तर नुकसानीत नसलेली मालिकाही हटवली जाते.

निर्मिती व लेखन

सामान्यतः वाहिनी निर्मितीसंस्थेला प्रत्येक भागामागे ठरावीक रक्कम देते आणि मालिकेचे हक्क स्वतःकडे ठेवते. वाहिनीने नकार दिल्यानंतर निर्मात्याला तीच मालिका अन्यत्र नेणे त्यामुळे कठीण असते. सेट उभारणे, कलाकार करारबद्ध करणे व प्रसिद्धी हा आरंभीचा खर्च पुढील भागांच्या संख्येवर विभागला जातो; भाग कमी झाले तर हिशेब जुळत नाही. कोकणात प्रत्यक्ष स्थळी चित्रीकरण करावयाचे झाल्यास मुंबईहून आलेल्या चमूचा निवास व प्रवास यांचा खर्च वाढतो. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या काळात येतो. त्या दिवसांत बाह्यचित्रीकरण आणि ध्वनिमुद्रण दोन्ही अडते.

लेखनाचा ताण हे तितकेच महत्त्वाचे कारण आहे. आठवड्याला सहा भाग धरले तर वर्षाला ३१२ भाग होतात. प्रत्येकी २२ मिनिटांप्रमाणे हे लेखन सुमारे ११४ तासांचे, म्हणजे तीन तासांच्या ३८ नाटकांइतके भरते. कथाप्रधान मालिकेत प्रसंग लांबवून दिवस भागवता येतो. विनोद लांबवला की मरतो. परिणामी, चांगल्या कल्पनेवर सुरू झालेली मालिका काही महिन्यांत त्याच त्या युक्त्यांवर येते आणि प्रेक्षक घटण्यास स्वतःही हातभार लावते.

मालवणी बोली आणि मालिका

बोलीमुळे मालिका चालत नाही, हा समज सिंधुदुर्गाच्या बाबतीत टिकत नाही. सावंतवाडीजवळील आकेरी येथे चित्रित झालेली 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका २०१६ मध्ये झी मराठीवर आली. मालवणी संवाद, रात्री उशिराची वेळ आणि मुंबईबाहेरील चित्रीकरण असूनही तिची तीन पर्वे झाली आणि अण्णा नाईक व शेवंता ही पात्रे राज्यभर परिचित झाली. मालिकेचे लेखक प्रल्हाद कुडतरकर यांनी तिच्यात पांडूची भूमिकाही केली. पांडूच्या निमित्ताने भयकथेत विनोद वावरत राहिला.

२०१७ मध्ये त्याच वाहिनीवर आलेली 'गाव गाता गजाली' ही हलकीफुलकी मालिका याच मुलुखातील होती. मालवणीत 'गजाल' म्हणजे गप्पागोष्ट. पारावर बसून रंगवून सांगितलेली हकिकत. या मालिकेचा प्रसारणकाळ 'रात्रीस खेळ चाले'च्या तुलनेत अल्प ठरला. बोली तीच आणि मुलूखही तोच. या दोहोंतील ठळक फरक रचनेचा होता. भयकथेला उद्याची ओढ असते, गजालीला ती नसते. गजालीची गोडी सवडीत असते, आणि आठवड्याच्या हिशेबावर चालणाऱ्या व्यवस्थेत सवड हीच दुर्मीळ गोष्ट आहे.

अन्य उदाहरणे

झी मराठीवरील 'दिल दोस्ती दुनियादारी' (२०१५–१६) ही मुंबईत एकत्र राहणाऱ्या सहा तरुणांची मालिका लोकप्रिय असतानाच थांबवण्यात आली. तेच कलाकार घेऊन २०१७ मध्ये 'दिल दोस्ती दोबारा' ही नव्या कथेची मालिका आली. ती त्याच वर्षी संपली. पहिल्या मालिकेवरील प्रेम दुसरीला आपोआप लाभत नाही, कारण पात्रे नवी असली की ओळख पुन्हा पहिल्यापासून करून घ्यावी लागते.

मुंबईतील उच्चभ्रू गुजराती कुटुंबावरील 'साराभाई वर्सेस साराभाई' ही हिंदी मालिका २००४ मध्ये स्टार वन वाहिनीवर सुरू झाली आणि सुमारे सत्तर भागांनंतर २००६ मध्ये थांबली. प्रथम प्रसारणात तिला मर्यादित प्रेक्षक मिळाले. पुनःप्रसारणांतून व महाजालावरून तिची कीर्ती वाढत गेली आणि २०१७ मध्ये हॉटस्टारवर तिचे दुसरे पर्व आले.

अमेरिकेत 'पोलीस स्क्वाड' ही मालिका १९८२ मध्ये अवघ्या सहा भागांनंतर बंद झाली. ती समजण्यासाठी प्रेक्षकाला लक्षपूर्वक पाहावे लागते, असे कारण वाहिनीच्या अधिकाऱ्याने दिले होते. याच कल्पनेवरील 'द नेकेड गन' हा चित्रपट १९८८ मध्ये यशस्वी झाला. याउलट 'चीअर्स' ही मालिका पहिल्या वर्षी प्रेक्षकसंख्येत तळाशी असूनही वाहिनीने चालू ठेवली आणि ती १९८२ ते १९९३ अशी अकरा पर्वे चालली. ब्रिटनमधील 'फॉल्टी टॉवर्स' मालिकेचे १९७५ व १९७९ मधील मिळून केवळ बारा भाग आहेत. ती तोडलेली नसून तेवढीच लिहिलेली आहे. म्हणजेच अल्पायुष्य हा स्वतः दोष नव्हे. शेवट कोणी आणि केव्हा ठरवला, यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो.

रंगभूमीशी तुलना

गंगाराम गवाणकर लिखित 'वस्त्रहरण' हे मालवणी नाटक १९८० मध्ये रंगभूमीवर आले. त्याचे आरंभीचे प्रयोग तोट्यात गेले आणि नाटक बंद करण्याची वेळ आली होती. पु. ल. देशपांडे यांनी प्रयोग पाहून पत्राने प्रशंसा कळवली. ते पत्र जाहिरातीत आल्यानंतर प्रेक्षक वाढू लागला. मालवण तालुक्यातील रेवंडी गावचे मच्छिंद्र कांबळी यांनी तात्या सरपंचाची भूमिका साकारली, आणि या नाटकाचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. नाटकाचा निर्माता तोटा सोसून आणखी काही प्रयोग लावू शकतो. त्याच्यासमोर प्रत्यक्ष प्रेक्षक असतो आणि हशा त्याला ऐकू येतो. मालिकेच्या निर्मात्याला तो निर्णय स्वतःच्या हाती ठेवता येत नाही. 'वस्त्रहरण' दैनंदिन मालिका असते, तर पत्र पोहोचेपर्यंत तिची जागा दुसऱ्या मालिकेला गेली असती.

परिणाम

मालिका अचानक थांबल्याने कथानक घाईने गुंडाळले जाते. लेखक, तंत्रज्ञ आणि स्थानिक कलाकारांचे काम जाते. दशावतारी व हौशी रंगभूमीवरून आलेल्या नटांना दूरचित्रवाणीचे दार थोडा काळ उघडून पुन्हा मिटते. अपयशाचा ठपका पुष्कळदा प्रदेशावर किंवा बोलीवर ठेवला जातो आणि पुढील प्रस्ताव त्याच कारणाने नाकारला जाण्याची शक्यता वाढते. महाजालावरील प्रसारणमंचांमुळे ठरावीक भागांची, आधीच पूर्ण लिहिलेली मालिका पुन्हा शक्य झाली आहे. तेरा भागांच्या जुन्या पद्धतीशी तिचे साम्य आहे आणि विनोदाच्या प्रकृतीला ती अधिक मानवते.

हेसुद्धा पहा

मालवणी बोली
दशावतार
वस्त्रहरण (नाटक)
रात्रीस खेळ चाले
टीआरपी