स्लायगोहून भिंगार कॅम्पात

नगरच्या सावेडीत भिस्तबाग महालापाशी उभे राहा आणि समोरचं एकेक वजा करत चला. आधी पाइपलाइन रोडवरचे फ्लॅट, मग प्रोफेसर कॉलनीचे बंगले, मग मनमाड रोडवरचं डांबर. महाल तेवढा जागेवर राहतो, तो निजामशाहीतला आहे. भोवती नुसतं शिवार. ज्वारी निघून गेली आहे, खळ्याकडेला कडब्याच्या गंज्या रचल्या आहेत आणि सकाळच्या प्रहरीच ढेकळं तापू लागली आहेत. साल 1918, महिना एप्रिल.

तुम्ही एका आयरिश घराण्याच्या मागावर आहात. घराण्याचा शोध नेहमी उलटा घ्यावा लागतो: नातवापासून आज्याकडे, कागदापासून माणसाकडे. नातू तर जगाला ठाऊक आहे. स्पाइक मिलिगन. बीबीसीवरच्या ‘गून शो’चा लेखक आणि नट, इंग्रजी विनोदाची चाल बदलून टाकणारा माणूस. 16 एप्रिल 1918 रोजी टेरेन्स ॲलन या नावानं तो तुमच्या नगरात जन्मला. चला, दिल्ली दरवाजातून गावात शिरा, बाजारपेठ ओलांडा, किल्ल्याला वळसा घाला आणि भिंगारच्या वाटेनं कॅम्पात पोचा.

महायुद्ध संपलेलं नाही. तारांच्या कुंपणाआड जर्मन कैदी येरझाऱ्या घालताहेत. तोफखान्याच्या घोड्यांना खरारा चाललाय, लिदीचा आणि तेल दिलेल्या चामड्याचा वास एकत्र येतोय. इथल्याच तोफखान्यात लिओ मिलिगन नोकरीला आहे. त्याचा जन्म 1890 चा, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या स्लायगोचा. बायको फ्लॉरेन्स इंग्रज. पोरगं पुण्याच्या कॉन्व्हेंटात शिकेल, मग रंगूनला जाईल आणि पुढं कुटुंबाबरोबर इंग्लंडला पोचेल. तिथला थंड पाऊस त्याला कधी मानवला नाही.

आता कॅम्पातल्या चर्चची बाप्तिस्म्याची वही उघडा. पानावर आडवे रकाने आहेत: जन्मतारीख, मुलाचं नाव, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण, बापाचा हुद्दा, विधी करणाऱ्याची सही. टाकाची शाई उन्हानं घट्ट झाली आहे, एखादं अक्षर फुटलंय. ही एक ओळ इथंच थांबत नाही. तिची नक्कल मुंबईला जाते, मुंबईहून लंडनला. इंडिया ऑफिसच्या त्या नकला आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि मुंबई इलाख्याच्या नोंदी तिथं एका वेगळ्या मालिकेत लावून ठेवल्या आहेत. म्हणूनच ही ओळ मोलाची. कारण खुद्द डब्लिनमध्ये 30 जून 1922 रोजी, यादवी युद्धाच्या सुरुवातीला, फोर कोर्ट्समधला दप्तरखाना जळाला. 1821 ते 1851 च्या शिरगणतीचे बहुतेक कागद आणि शेकडो वर्षांची मृत्युपत्रं राख झाली. 1861 पासूनच्या चार शिरगणत्या तर सरकारनं आधीच नष्ट करून टाकल्या होत्या. स्लायगोत ज्या आज्याचा माग लागत नाही, त्याच्या मुलाचा बाप्तिस्मा, लग्न, दफन खडकीच्या नाहीतर नगरच्या नोंदीत सापडू शकतं. परक्या मुलखात चाकरीला आले म्हणून त्यांचं नाव टिकलं, ही गोष्ट मला फार लागते.

आणखी मागं चला. 1845 पासून बटाट्यावर रोग पडला, आयर्लंडात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. अमेरिकेची बोट परवडली नाही तर ईस्ट इंडिया कंपनीची भरती होती. त्या दुष्काळाआधीपासूनच, 1825 ते 1850 या काळात बंगालच्या फौजेत भरती होणाऱ्या गोऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे आयरिश होते. आपल्या मुंबईच्या गोऱ्या पलटणीचंही बघा. 1817 साली खडकीला पेशव्यांशी लढलेली ती पलटण 1881 मध्ये ‘रॉयल डब्लिन फ्युसिलियर्स’ची दुसरी बटालियन झाली.

सोजिरांच्या घरात देशी बायकाही होत्या. तिथं वही मुकी होते. बाईचं बाप्तिस्म्यातलं नवं नाव मिळतं, पण माहेर नाही, गाव नाही. पोरं सांभाळणाऱ्या आयेचं तर तेवढंही नाही. लंडनच्या गारव्यात जपलेल्या त्या वह्यांतून घराण्याची अर्धी मुळं गायब आहेत आणि ती अर्धी इथल्या मातीतली आहेत. त्या देशी बाईला शोधायचं तर त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वंशावळीच्या चोपड्या उपयोगी नाहीत. तिथं गाव आणि आडनाव सांगितल्याशिवाय पान उघडत नाही, आणि ही दोन्ही तिनं मागं टाकलेली. कॅम्पाच्या जुन्या दफनभूमीत एखाद्या दगडावर नुसतं ‘पत्नी’ असं भेटलं, तर तिथं थांबा. वाचा. लिहून घ्या.

शेवटची उडी 8 ऑगस्ट 1803. तुम्ही किल्ल्यासमोर आहात. पाऊसकाळ आहे, पाय चिखलात रुततात. इंग्रजी फौजेचा सेनापती आर्थर वेलस्ली यानं सकाळी गावकुसाला शिड्या लावून नगर घेतलंय. हाही डब्लिनचा, 1769 चा, पण स्लायगोच्या उपाशी पोरांसारखा नव्हे, जमीनदारांच्या घरचा. आयरिश म्हणून दोघांना एका ओळीत बसवू नका. चार दिवसांनी, 12 तारखेला, शिंद्यांचा किल्लेदार किल्ला खाली करील. पडलेल्या गोऱ्या अंमलदारांची नावं खलित्यात जातील, देशी शिपायांचे फक्त आकडे. तटावर लढलेले अरब शिपाईही समुद्र ओलांडूनच पोटासाठी इथं आले होते. त्यांचीही घरं असतील, कुठं तरी कुणी वाट पाहत असेल. त्यांच्या नावांची वही लंडनात नाही, नगरातही नाही.