नसत्या पंचायती

नवीन पनवेलमधल्या आमच्या तीन इमारतींना पाण्याची टाकी एकच आहे. गेल्या उन्हाळ्यात मधल्या इमारतीत कमिटीची निवडणूक झाली, जुने सेक्रेटरी पडले आणि त्यांनी दप्तर द्यायचं नाकारलं. आदल्या रात्री त्यांनी नव्या माणसाला पेढा भरवला होता. सकाळी म्हणाले, मोजणीत घोळ आहे. दप्तराच्या पिशवीतच पंपाच्या खोलीची किल्ली होती. चौथ्या दिवशी दोन्ही बाजूंच्या इमारतींतले आम्ही पाच-सहा जण त्यांच्याकडे गेलो. दार अर्धंच उघडून ते म्हणाले, "आमच्या बिल्डिंगचं आम्ही बघू. तुम्हाला कशाला नसत्या पंचायती?"

आमच्यात एक काका होते, कोर्टातून निवृत्त झालेले बेलिफ. ते शांतपणे म्हणाले, "टाकी एक आहे ना? मग ही पंचायत असती आहे, नसती नाही."

परतताना जिना उतरता उतरता तो शब्द माझ्या डोक्यात घोळत राहिला. पंच म्हणजे पाच, आणि त्यावरून निवाडा करणारी माणसं. पुढच्या 'आयत'चं नातं 'आयतन'शी, म्हणजे बसण्याच्या जागेशी लावतात. माणसं पाचच हवीत हा हट्ट भाषेनं केव्हाच सोडला. पंचनाम्याला दोन पंच पुरतात, आणि क्रिकेटच्या मैदानावरही दोनच पंच उभे असतात. पण याच शब्दाला मराठीनं आणखी दोन अर्थ चिकटवले. 'पाहुणे आले आणि गॅस संपला, मोठी पंचाईत झाली' यातली पंचाईत म्हणजे अडचण. 'नसती पंचाईत' म्हणजे दुसऱ्याच्या भानगडीत खुपसलेलं नाक. न्यायसभा, लुडबुड आणि अडचण, तिन्हींसाठी एकच शब्द. चारचौघांत बसून निवाडे केलेल्या लोकांनीच तो असा वाकवला असणार. दुसऱ्याचं भांडण मिटवायला जाणारा माणूस या तिन्ही अर्थांतून एकाच संध्याकाळी फिरून येतो.

पनवेलमध्ये तर ही मूळ पंचायत नकाशावरूनही उठली. इथली नगरपालिका १८५२ची. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिची महानगरपालिका झाली आणि आसपासची गावं तिच्यात आली. तोवर खारघरचे टोलेजंग मनोरे चक्क ग्रामपंचायतीत मोडत होते. आता ग्रामपंचायत गेली, पण लोकांच्या तोंडातली पंचाईत जागची हलली नाही.

बेलिफकाकांकडे जुने शब्द पुष्कळ आहेत. त्यांनी चहावर विचारलं, "दप्तर मागायला गेलात, पण राजीनामा घेतलात का?" मला वाटलं, सेक्रेटरींचा राजीनामा. ते हसले. "तो नव्हे. जुना."

हा जुना राजीनामा मराठेशाहीतल्या न्यायपद्धतीत सापडतो. वतनाचा, हद्दीचा तंटा गोतसभेपुढे यायचा. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि शेजारच्या गावांची माणसं बसायची. आपल्या गोतावर विश्वास नसला तर वाद दुसऱ्या स्थळी नेता यायचा. निवाड्याचा कागद म्हणजे महजर. हा शब्द आणि आपले 'हजर', 'हजेरी' हे एकाच अरबी धातूचे. जे हजर त्यांची साक्ष. कागदाखाली कुणब्यानं नांगर काढायचा, इतरांनी आपापल्या धंद्याचं हत्यार. पण सभा बसण्याआधी दोन्ही वाद्यांकडून एक कागद लिहून घेत: पंच जो निर्णय देतील तो आम्हास मान्य. तो राजीनामा. 'राजी' म्हणजे कबूल, 'नामा' म्हणजे लेख. सोबत जामीन द्यावा लागे. तोही अरबी शब्द, अर्थ हमी घेणारा माणूस. तेव्हा माणूस जामीन राहायचा. आज माणसाला जामीन मिळतो.

मग राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं कसं झालं? मधला दुवा जमीन महसुलात आहे. इंग्रजी अमदानीत रयतेनं जमीन सोडायची तर तिनं सरकारला राजीनामा लिहून द्यायचा आणि नव्या धारकानं कबुलायत. राजीखुशीनं सोडतो, असा तो कागद. त्यातली राजीखुशी हळूहळू पुसट झाली आणि 'सोडतो' तेवढं ठळक उरलं. बांधून घेण्याचा शब्द सुटून जाण्याचा झाला.

हे सगळं ऐकताना मला आठवत होता पश्चिम आफ्रिकेतला गांबिया. याह्या जामेह तिथे १९९४च्या लष्करी उठावापासून सत्तेवर होते. १ डिसेंबर २०१६च्या निवडणुकीत ते आदामा बॅरो यांच्याकडून हरले. आधी त्यांनी पराभव मान्य केला, आठवडाभरानं फिरवला. थेट आमचे सेक्रेटरी! गांबियाच्या तिन्ही बाजूंना सेनेगल आहे, चौथीला समुद्र. त्या भागातल्या पंधरा देशांची 'इकोवास' ही संघटना १९७५ साली व्यापारासाठी स्थापन झाली. पण शेजारी पेटला की निर्वासित आपल्या दारात येतात, हे कळल्यावर तिनं डिसेंबर २००१मध्ये एक करार केला. सत्ता निवडणुकीनंच मिळवायची, घटनाबाह्य मार्गानं आलेल्याची गय नाही, मतदानाआधीच्या सहा महिन्यांत बहुतेक राजकीय पक्षांच्या संमतीशिवाय निवडणुकीचे नियम फारसे बदलायचे नाहीत. हा आपला जुना राजीनामाच. तंटा उद्भवण्याआधी लिहून दिलेला.

म्हणून १९ जानेवारी २०१७ रोजी बॅरो यांनी शेजारच्या डाकारमधल्या गांबियाच्या वकिलातीत शपथ घेतली, शेजाऱ्यांच्या फौजा हद्दीत शिरल्या, आणि २१ जानेवारीला जामेह विमानात बसून देश सोडून गेले. लढाई झाली नाही. हुकूमशाही आणि लोकशाही या दोन्ही शब्दांना शेपूट एकच, फारसी 'शाही'. बादशहाच्या गादीला मराठीनं नुसता 'लोक' जोडला. शेजाऱ्यांनी त्या दिवशी एवढंच पाहिलं की शेपटाच्या पुढचा शब्द मतदारांनी लिहिला होता तोच राहील.

शेजाऱ्यानं फौज आणून माणसाला गादीवर बसवणं कोकणानं आधीही पाहिलंय. ऑक्टोबर १८०२मध्ये होळकरांकडून हडपसरला हार खाऊन दुसरा बाजीराव पुण्यातून निघाला आणि वसईला पोचला. ३१ डिसेंबरला तिथे कंपनीशी तह झाला. पुढच्या मे महिन्यात इंग्रज फौजेनं त्याला पुण्यात परत आणलं. किंमत होती सव्वीस लाखांचा मुलूख आणि परराज्यांशी कंपनीला विचारल्याविना बोलायचं नाही ही अट. त्या फौजेला आपण 'तैनाती फौज' म्हणतो. 'तैनात' म्हणजे नेमलेली, पण नेमणूक कुणाची हे त्या शब्दात येत नाही. बाजीरावाला वाटलं, फौज आपल्या तैनातीला आहे; प्रत्यक्षात तोच कंपनीच्या तैनातीत गेला. इथे जामीन राहायला आलेलाच घरमालक झाला. गांबियातला हिशेब दोन कागदांवर होता, लोकांची मतपत्रिका आणि स्वतःच्या देशानं आधी दिलेली कबुली. वसईत कागद एकच होता, तोही पळालेल्या माणसाच्या सहीचा.

आपल्या दारातल्या सार्कनं यातली कुठलीच जोखीम घेतली नाही. ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाक्यात स्वीकारलेली तिची सनद सांगते: निर्णय एकमतानं, आणि दोन देशांमधले वादाचे विषय चर्चेबाहेर. म्हणजे भांडण काढायचं नाही या अटीवर भरलेली पंचायत. नसत्या पंचायती टाळण्याच्या नादात असतीही गेली. २०१६ साली उरीच्या हल्ल्यानंतर इस्लामाबादची शिखर परिषद बारगळली. त्याआधीची, २०१४ची काठमांडूची, शेवटचीच ठरली. या अंगणात शेजारापेक्षा भाऊबंदकी जास्त, हेही खरं. शेजाऱ्यांत भिंत असते. भाऊबंदांत ती कुठे घालायची यावरूनच वाद असतो.

इकोवासचीही पुढे पंचाईत झालीच. २६ जुलै २०२३ रोजी नायजरमध्ये लष्करानं राष्ट्राध्यक्ष बझूम यांना कोंडलं. संघटनेनं आठवड्याची मुदत दिली, सीमा बंद केल्या, फौजेची धमकी दिली. मुदत संपली, फौज गेलीच नाही. निर्बंधांचा चटका मात्र सामान्य माणसांना बसला. जानेवारी २०२४मध्ये नायजर, माली आणि बुर्किना फासो या तिन्ही लष्करी राजवटींनी बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं, आणि वर्षानं ते अमलात आलं. २००१चा राजीनामा जुन्या अर्थाचा होता, हा नव्या. जामीन राहणाऱ्यानं धमकी दिली आणि पाळली नाही, तर पुढच्या वेळी त्याचा शब्द कोण धरणार?

आमचं प्रकरण सहाव्या दिवशी मिटलं. पाणी सगळ्यांचंच गेलं होतं, सेक्रेटरींचंही. पिशवीत दोन रजिस्टरं, एक शिक्का आणि ती किल्ली निघाली. सोबत एका ओळीची चिठ्ठी होती: मी कमिटीच्या सदस्यत्वाचा राजीनामा देत आहे. बेलिफकाकांनी चष्मा चढवून ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली, आणि निवडून आलेल्या नव्या माणसाकडे वळले. "आता तुमचा द्या," म्हणाले. तो गोंधळला. "पुढच्या निवडणुकीत पडलात तर चोवीस तासांत किल्ली देईन, एवढंच लिहा. तिन्ही बिल्डिंगच्या समोर."

त्यानं लिहून दिलं. खाली आम्ही हजर होतो त्या सगळ्यांनी सह्या केल्या.