चरित्रलेखन आणि साधनसामग्री : रॉय जी. नेव्हिल पुरस्काराच्या निमित्ताने

फिलाडेल्फिया येथील केमिकल हेरिटेज फाउंडेशनने (२०१८ पासून सायन्स हिस्टरी इन्स्टिट्यूट) स्थापिलेला रॉय जी. नेव्हिल पुरस्कार रसायनविज्ञानविषयक चरित्र वा ग्रंथसूचीसाठी आहे. या दोहोंना एकत्र स्थान देण्यात इतिहासलेखनाची निश्चित भूमिका दिसते. २०११ मध्ये हा पुरस्कार मायकेल हंटर यांच्या रॉबर्ट बॉईल-चरित्रास (२००९) मिळाला. तत्पूर्वी हंटर यांनी सहसंपादकांसमवेत बॉईलच्या ग्रंथांचे १४ व पत्रव्यवहाराचे ६ खंड सिद्ध केले होते. या साधनांच्या आधारेच ‘रसायनशास्त्राचा जनक’ या रूढ प्रतिमेपलीकडील, किमयेचा ध्यास घेतलेला, सश्रद्ध बॉईल चरित्रात साकारला. वैज्ञानिकाची पत्रे व टिपणवह्या जतन होऊन त्यांची सूची न झाल्यास चरित्राची जागा गौरवग्रंथ घेतो, हेच यावरून स्पष्ट होते.