पाच तारांची बेस गिटार: पाचवी तार आली कुठून, आणि स्वस्तात घेताना तीच आधी का तपासायची

घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांमध्ये एक प्रश्न कायम फिरत असतो: कमी बजेटमध्ये पाच तारांची बेस गिटार घ्यायची तर कुठली? स्टायपेंडवर भागवणाऱ्याला तर हा प्रश्न फारच जवळचा, कारण चार-सहा महिने बाजूला टाकलेले पैसे एकदाच खर्च करता येतात. उत्तरात सहसा मॉडेलची नावं मिळतात आणि मॉडेल तर सारखी बदलतात. म्हणून आज आपण दुसऱ्या बाजूने जाऊ. ही पाचवी तार मुळात आली कशी, आणि यायला इतकी वर्षं का लागली? एखादी वस्तू बनवताना नेमकं कुठे अडलं होतं हे इतिहासातून कळतं. स्वस्त वस्तू बहुतेक वेळा तिथेच कच्ची राहते.

सुरुवात चार तारांपासून. लिओ फेंडर यांचा प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आला. तारेची लांबी ३४ इंच, सूर डबल बेसचेच: ई, ए, डी, जी. सर्वांत खालची ई तार सेकंदाला ४१.२ वेळा कंप पावते, म्हणजे ४१.२ हर्ट्झ. पाचवी तार म्हणून आज जी बी तार लावतात ती ३०.९ हर्ट्झची. फरक किरकोळ वाटतो, पण इथे भौतिकशास्त्र आडवं येतं.

तारेचे नियम मारँ मेर्सेन या फ्रेंच विद्वानाने १६३६ मध्येच मांडले होते. तार लांब केली की सूर खाली जातो, ताण कमी केला तरी खाली जातो, तार जड केली तरी खाली जातो. आता लांबी आणि ताण तोच ठेवून ई वरून बी वर यायचं तर तारेचं वजन किती वाढवावं लागेल? ४१.२ भागिले ३०.९ म्हणजे १.३३, त्याचा वर्ग साधारण १.७८. तार पावणेदोन पटींहून जड हवी, म्हणजे व्यास १.३३ पट. ई तार ०.१०५ इंचाची धरली तर बी तार ०.१४० इंचाची यायला हवी. प्रत्यक्षात बाजारातल्या नेहमीच्या सेटमध्ये ती ०.१३० च्या आसपास असते. ढोबळ हिशेबाने (ढोबळ, कारण बेसची तार एकसंध नसते, गाभ्यावर दुसरी तार गुंडाळलेली असते) बी तारेवरचा ताण ई पेक्षा सुमारे १४ टक्के कमी राहतो. म्हणून ती ढिली वाटते.

मग आणखी जाड का करत नाहीत? कारण जाड तार ताठ होते, सळईसारखी वागायला लागते. तिचे वरचे स्वरांश मूळ सुराच्या नेमक्या दुप्पट, तिप्पट न राहता थोडे चढे होतात, आणि कानाला सूर गढूळ लागतो. आपल्याकडे तानपुऱ्याची खर्जाची तार बाकी तारांसारखी पोलादी नसते. ती पितळेची किंवा ब्राँझची आणि जाड असते. प्रश्न तोच, खर्ज हवा पण सूर स्वच्छ हवा.

तिसरा उपाय लांबीचा. डबल बेसची तार ४१-४२ इंचांची असल्यामुळे जर्मन ऑर्केस्ट्रांत पाच तारांचे डबल बेस आधीपासून वापरात होते. ३४ इंचांच्या गिटारवर ती सोय नव्हती.

यामुळेच इतिहासात एक गंमत दिसते. फेंडरने १९६५ मध्ये ‘बेस फाइव्ह’ नावाची पाच तारांची बेस गिटार काढली, पण पाचवी तार खाली नव्हे, वर लावली: उंच सी. फ्रेट फक्त १५. हेतू असा की हात फार न सरकवता वरचे स्वर मिळावेत. ती चालली नाही, काही वर्षांतच बंद झाली. तेव्हा ‘पहिली पाच-तारी बेस कुठली?’ असं कुणी विचारलं, तर आधी ‘पाच-तारी म्हणजे काय?’ हे विचारा. नाव एक, पण वाद्यं दोन वेगळी. संशोधनात व्याख्या आधी का ठरवायची, त्याचं हे साधं उदाहरण.

खालची बी तार आली ती वादकांच्या हट्टाने. अँथनी जॅक्सन यांनी कार्ल थॉम्पसन या कारागिराकडून १९७५ च्या सुमारास सहा तारांची बेस बनवून घेतली, खाली बी आणि वर सी. १९७६ च्या सुमारास जिमी जॉन्सन यांच्याकडे खालच्या बीसह पाच तारांची अलेंबिक बेस आली. ही दोन्ही सांगून करवून घेतलेली, महागडी वाद्यं. सामान्य वादकाला तेव्हा एवढ्या खालच्या स्वराची फारशी गरजही नव्हती.

ती गरज निर्माण केली सिंथेसायझरने. मिनीमूग १९७० मध्ये आला, यामाहाचा डीएक्स-७ १९८३ मध्ये. कीबोर्डवाला एका बटणावर ई च्या खाली जाऊ लागला, तिथे तार, ताण, ताठपणा काहीच आडवं येत नाही. कीबोर्डवर बांधलेल्या बेसच्या ओळी वाजवायच्या तर गिटारवाल्यालाही तिथे पोहोचणं भाग होतं. १९८७ मध्ये म्यूझिक मॅनची स्टिंगरे-५ आली आणि कारखान्यात बनणारी पाच-तारी रुळू लागली. पुढे इंडोनेशिया, चीनमधल्या कारखान्यांत संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी लाकूड कापलं जाऊ लागलं आणि ती आपल्या खिशाच्या जवळ आली.

आता खरेदीकडे. वरच्या इतिहासात अडचण पिकअपची नव्हती, रंगाची तर नव्हतीच. अडलं होतं ते तार, लांबी आणि नेक यांत. म्हणून दुकानात तपासायचं ते हे.

बी तारेच्या पाचव्या फ्रेटवरचा ई आणि मोकळ्या ई तारेचा सूर पाठोपाठ वाजवून बघा. सूर एकच, पण एक घट्ट आणि दुसरा भोपळ्यासारखा पोकळ येत असेल तर सावध व्हा. मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि दाबलेला स्वर ट्यूनरवर जुळवा. जुळत नसतील तर ब्रिजवरचं सॅडल मागे घ्यायला जागा उरली आहे का ते पाहा. नेक सरळ आहे का बघा. लांबी ३४ आहे की ३५ इंच, तेही विचारा. तीच तार, तोच सूर असेल तर त्या एका इंचाने ताण सुमारे ६ टक्के वाढतो. फायदा आहे, पण जादू नाही. आणि वाद्य नापास करण्याआधी चांगली नवी बी तार लावून ऐका, दोष बऱ्याचदा जुन्या तारेचा असतो.

घरच्या रेकॉर्डिंगची एक गोष्ट वेगळी. ३०.९ हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे ११ मीटर, म्हणजे आपल्या खोलीत ती मावतच नाही. छोटे स्पीकर तो मूळ स्वर धड वाजवत नाहीत. आपण ऐकतो ते ६२, ९३ हर्ट्झचे स्वरांश, आणि मूळ स्वर मेंदू भरून काढतो. त्यामुळे गिटार थेट इंटरफेसला जोडा आणि हेडफोनवर तपासा, अँपचे पैसे वाचतील.

शेवटचा हिशेब सगळ्यात महत्त्वाचा. पाचव्या तारेने खरे नवे स्वर किती मिळतात? बी, सी, सी शार्प, डी, डी शार्प. फक्त पाच. बाकी सोय आहे ती हात कमी सरकवण्याची. तुमच्या गाण्यांत हे पाच स्वर किती वेळा लागतात ते आधी मोजा. शंका असेल तर हाताशी असलेल्या चार-तारीवर बी, ई, ए, डी असा जाड सेट चढवून महिनाभर रेकॉर्ड करा. जाड तारांसाठी नटच्या खाचा थोड्या रुंद कराव्या लागतील, ते काम जाणकाराकडून करून घ्या. मोठा प्रयोग मांडण्याआधी आपण लॅबमध्ये छोटी चाचणी घेतोच. इथे तिचा खर्च तारांच्या एका सेटचा आणि थोड्या मजुरीचा. महिन्याअखेरीस वरची जी तार आठवत राहिली आणि खालची बीसुद्धा सोडवेना, तर खुशाल पाच-तारी घ्या.